माणसांची भूक

आजारातून उठलेल्या माणसाबद्दल आपल्याकडे एक छान वाक्य आहे. ‘काल ताप उतरला, आज जरा माणसांत आलाय.’ तोंडाला चव आली, अंगात उभे राहण्याचे बळ आले, हे सारे त्या वाक्यात गृहीत असते. पण नाव घेतले जाते ते माणसांचे. याच्या उलट, आयुष्याची घडी पार विस्कटलेला गृहस्थ ‘माणसांतून उठला’. आणि सोबतीचे माणूस गेले की मागे राहिलेल्याला ‘घर खायला उठते’. भिंती त्याच, सामान तेच. पण ते घर खायला उठते. हे वाक्प्रचार कोणा शास्त्रज्ञाने घडवलेले नाहीत. तरी माणसांत असणे आणि धड असणे यांचा काही आतला संबंध आहे, हे आपल्या भाषेला फार पूर्वीच उमगलेले दिसते.

वैद्यकाला ते उशिरा उमगले. एकाकीपणा हा विषय बरीच वर्षे कवींच्या आणि कीर्तनकारांच्या ताब्यात होता. डॉक्टर नाडी बघत, रक्तदाब मोजत. ‘घरी कोण कोण असतं?’ हा प्रश्न आपुलकीचा असे, औषधाच्या चिठ्ठीशी त्याचा संबंध नसे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मात्र मेंदूचा अभ्यास करणाऱ्या मंडळींनी हा विषय प्रयोगशाळेत नेला, आणि तिथे जे दिसले ते प्रत्येक घराने समजून घ्यावे असे आहे.

मी डॉक्टर नाही. पस्तीसेक वर्षे बँकेत नोकरी केली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. दोन्ही उद्योगांत माणसांकडे बघत बसणे हा कामाचा मोठा भाग असतो. तेवढ्या अधिकारावर हे लिहीत आहे.

आधी एक घोळ निस्तरला पाहिजे. एकांत वेगळा आणि एकाकीपणा वेगळा. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जात ते एकांतासाठी. आणि तेच तुकोबा कीर्तनाला माणसांमध्ये उभे राहत. लिहिणाऱ्यालाही एकांत लागतो. पहाटे चार ते सात या वेळात घरातले कोणी माझ्याशी बोललेले मला खपत नाही. पण त्या तीन तासांना चव आहे ती सात वाजता चहाला कोणीतरी हाक मारणार आहे म्हणून. एकांताच्या खोलीला आतून कडी असते. वाटेल तेव्हा काढावी आणि बाहेर यावे. एकाकीपणात ती कडी आपल्या हाती राहत नाही. म्हणूनच भरल्या घरात, लग्नाच्या मांडवात, कचेरीच्या गर्दीतही माणूस एकाकी असू शकतो. १९७८ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एकाकीपणा मोजण्यासाठी वीस विधानांची एक प्रश्नावली तयार झाली, ती आजही जगभर वापरात आहे. तिचा रोख तुमच्या घरात किती माणसे आहेत यावर नाही. आपले म्हणावे असे कोणी आहे असे तुम्हाला वाटते का, यावर आहे.

लादलेला एकटेपणा माणसाचे काय करतो, याची कल्पना कायदा करणाऱ्यांना मात्र डॉक्टरांच्या आधी आली असावी. आपल्या १८६० सालच्या भारतीय दंड विधानात एकांत कोठडीची शिक्षा होती. पण एका वेळी चौदा दिवसांहून जास्त ठेवायचे नाही, मध्ये निदान तेवढाच खंड द्यायचा, आणि सगळे मिळून तीन महिन्यांच्या पुढे जायचे नाही, असे बंधन त्याच कायद्याने घातले होते. १ जुलै २०२४ पासून दंड विधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तरी ही मर्यादा तशीच राहिली. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली कैद्यांच्या वागणुकीचे जे नियम मंजूर केले, नेल्सन मंडेलांच्या नावाने ओळखले जाणारे, त्यांतही सलग पंधरा दिवसांपुढची एकांत कोठडी निषिद्ध ठरवली आहे. खून-दरोडे करणाऱ्यालाही जी गोष्ट पंधरवड्याच्या पुढे द्यायची नाही असे ठरले, ती कित्येक निरपराध म्हाताऱ्या माणसांच्या वाट्याला वर्षानुवर्षे येते, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही.

तर मेंदूत नेमके होते काय?

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेत लिव्हिया टोमोवा, रिबेका सॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा पण विलक्षण प्रयोग केला. चाळीस निरोगी माणसे घेतली. एक दिवस त्यांना दहा तास खोलीत एकटे ठेवले. फोन नाही, गप्पा नाहीत, माणसाचा चेहरा नाही. मेंदूची चित्रे घेणाऱ्या एमआरआय यंत्रात एकट्यानेच कसे शिरायचे हेसुद्धा त्यांना आधी शिकवून ठेवले होते, म्हणजे शेवटच्या घटकेला तंत्रज्ञाचे दोन शब्दही कानांवर पडू नयेत. दुसऱ्या एका दिवशी त्याच माणसांना दहा तास उपाशी ठेवले. दोन्ही दिवशी, दहा तासांनंतर, त्यांना यंत्रात काही चित्रे दाखवली. काही चित्रांत खाण्याचे पदार्थ, काहींत हसत-बोलत असलेली माणसे, काहींत नुसती फुले.

मध्यमेंदूत मज्जापेशींचा एक छोटा पुंजका आहे. डोपामिन नावाच्या रसायनावर त्याचा कारभार चालतो, आणि ‘हे मला हवे’ अशी ओढ लागली की तो जागा होतो. उपाशी माणसाने अन्नाचे चित्र पाहिले की तो जागा झाला, यात नवल नाही. नवल पुढे आहे. दहा तास एकटे राहिलेल्यांनी माणसांच्या मेळ्याचे चित्र पाहिले, तेव्हा त्याच पुंजक्याने तसाच प्रतिसाद दिला. हा अहवाल २०२० सालच्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाला. सारे जग तेव्हा दारे लावून घरात बसलेले होते. त्यामुळे त्याचा अर्थ कोणाला फोड करून सांगावा लागला नाही.

माणसांची ओढ ही अशी शब्दशः भूक आहे. तो स्वभावाचा दुबळेपणा नाही की रिकामटेकडेपणाचे लक्षण नाही. एकटे वाटते म्हणणाऱ्याला आपण चटकन सांगतो, ‘मन रमवा हो, एखादा छंद लावून घ्या.’ उपाशी माणसाला ‘भुकेकडे लक्ष देऊ नका’ असे आपण सांगत नाही. त्याच्यापुढे पान मांडतो.

दहा तासांच्या उपासाची ही गोष्ट. महिनोन् महिने उपास घडला तर? दक्षिण ध्रुवाकडच्या अंटार्क्टिकात जर्मनीचे ‘नॉयमायर-३’ नावाचे संशोधन केंद्र आहे. तिथल्या हिवाळ्यात उणे पन्नास अंशांपर्यंत थंडी पडते, कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही, आणि केंद्रावरच्या मूठभर माणसांचा बाहेरच्या जगाशी प्रत्यक्ष संबंध महिनोन् महिने तुटतो. अशा एका मोहिमेवर चौदा महिने राहिलेल्या नऊ जणांचा, पाच पुरुष आणि चार स्त्रियांचा, अभ्यास बर्लिनच्या शारिटे या रुग्णालयातील अलेक्झांडर श्टान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २०१९ सालच्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. आठवणी साठवण्यासाठी आणि वाटा ओळखण्यासाठी लागणारा हिप्पोकॅम्पस नावाचा मेंदूचा एक भाग असतो. त्याच्यात डेंटेट गायरस म्हणून एक पट्टी आहे, नव्या आठवणी रुजतात ती जागा. मोहिमेवरून परतलेल्यांच्या मेंदूत ती पट्टी सरासरी सात टक्क्यांच्या आसपास आक्रसलेली आढळली. मज्जापेशींना खतपाणी घालणारे एक प्रथिन रक्तात असते, तेही घटलेले होते. आणि परत आल्यावर दीड महिना लोटला तरी ते पूर्वपदावर आलेले नव्हते.

नऊ माणसांवरून साऱ्या जगाचा निवाडा करू नये, हे खरेच. शिवाय काळोख, बर्फ आणि तोचतोचपणा यांचा वाटा किती आणि माणसांच्या दुष्काळाचा किती, हे वेगळे काढता येत नाही. पण मला यातली एक बाब महत्त्वाची वाटते. ही माणसे एकटी नव्हती. एकमेकांच्या सोबतीत होती. कमी पडली ती नवी माणसे, नवे चेहरे, रस्त्यावरची ये-जा, अवचित कानी पडणारे चार शब्द. आता हे चित्र जरा जवळ आणून पाहा. दोन खोल्या, एक दूरचित्रवाणी संच, सकाळी येऊन अर्ध्या तासात जाणारी कामवाली बाई आणि संध्याकाळी थकून घरी येणारा मुलगा-सून. घरात माणसे आहेत. तरीही आजोबांच्या मेंदूला पोसणारे नवे काही दिवसभरात आत येत नाही.

भुकेचे हे गणित इतके सरळ असते तर उपायही सरळ असता. भूक लागली की माणूस अन्नाकडे धावतो. तसा एकाकी माणूस माणसांकडे धावला असता आणि प्रश्न मिटला असता. तसे होत नाही. का होत नाही, याचे उत्तर शोधण्यात शिकागो विद्यापीठातील जॉन कॅसिओपो यांनी आयुष्याची कित्येक वर्षे घालवली. २०१८ साली ते वारले. एकाकीपणा ही तहानभुकेसारखी, वेदनेसारखी शरीराने दिलेली सूचना आहे, हा विचार त्यांनी ठामपणे मांडला. आदिम काळी माणूस टोळीने राहायचा. टोळीपासून तुटला की श्वापदाच्या तोंडी पडायचा. तेव्हा एकटे पडल्याची जाणीव होताच मेंदू दोन कामे एकदम करतो. एक, माणसांकडे परत जा म्हणून टोचणी लावतो. आणि दोन, तोवर जिवाला जपण्यासाठी पहारा बसवतो.

हा पहाराच घात करतो. एकाकी माणसाची झोप सलग राहत नाही. त्याला स्वतःला कळणारही नाही अशी क्षणाक्षणाची जाग रात्रभर येत राहते. राखणदार डोळा लावून झोपतो कुठे? शिकागोच्या अभ्यासकांनी एकाकी आणि एकाकी नसलेल्या माणसांना वेगवेगळी चित्रे दाखवून त्यांच्या मेंदूतले विद्युतसंदेश तपासले. माणसांकडून धोका सुचवणारे चित्र एकाकी माणसाच्या मेंदूने इतरांच्या मानाने जवळजवळ निम्म्या वेळात वेगळे काढले. विचार करायला सवड मिळण्याआधीच. रानात हे गुण उपयोगी होते. सोसायटीच्या जिन्यात ते उपयोगी नाहीत. तिथे राखणदाराला पाहुण्यातही चोर दिसू लागतो.

हे वाचताना मला माझ्या थोरल्या बहिणीची आठवण झाली. आक्का आता शहात्तर वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका गावी राहते. यजमान जाऊन सहा वर्षे झाली. एक मुलगा पुण्याला, एक परदेशी. दोघेही मायाळू, रोज फोन करणारे. पहिल्या वर्षी ती माणसांसाठी आसुसलेली असे. मग हळूहळू तिच्या बोलण्यात काही वेगळे येऊ लागले. ‘समोरची बघून न बघितल्यासारखं करते.’ ‘लग्नाला बोलावलं ते रीत म्हणून, मी गेले काय, न गेले काय.’ ‘हल्ली सगळे तुटकच बोलतात.’ भजनाला जाणे सुटले. नातेवाइकांपैकी काहींनी निष्कर्ष काढला की वयाने ती संशयी झाली. समोरच्या बाई तर आजही मला थांबवून आक्काची चौकशी करतात. आक्काच्या स्वभावात बिघाड झालेला नव्हता. तिच्या मेंदूने पहारा बसवला होता, आणि तो पहारा आलेल्या प्रत्येकाला दारातच अडवत होता.

यात आपल्या रीतींनीही हातभार लावलेला असतो. नवरा गेला की बाईला माणसांची गरज सर्वांत जास्त. आणि नेमक्या त्याच दिवसापासून हळदीकुंकू, डोहाळजेवण, बारसे यांच्या आमंत्रणांतून तिचे नाव वगळले जाते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याचे अनुकरण करा असे शासनाने इतर ग्रामपंचायतींना कळवले. तो ठराव स्त्रीच्या सन्मानासाठी होता. मेंदूशास्त्राच्या दृष्टीनेही तो तितकाच शहाणपणाचा होता असे मी म्हणेन.

मघाच्या प्रयोगातली एक गोष्ट मी राखून ठेवली होती, ती आता सांगतो. ज्यांचे आयुष्य माणसांनी भरलेले होते, त्यांच्या मेंदूत दहा तासांच्या एकटेपणानंतर माणसांची ओढ जोरात उसळली. जे मुळातच बरेच दिवस एकाकी होते, त्यांच्यात ती क्षीण होती. खूप दिवस अन्न न मिळालेल्याची भूक मरते म्हणतात, तसेच हे. ‘मला कोणी नको, मी माझा बरा आहे’ हे वाक्य पुष्कळदा वैराग्याचे नसते. मेलेल्या भुकेचे असते. म्हणून ते ऐकून आपण सुटकेचा श्वास टाकू नये.

याचा शेवट कुठे होऊ शकतो, तेही सांगितले पाहिजे. शिकागोतल्याच रश विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात रॉबर्ट विल्सन आणि सहकाऱ्यांनी ८२३ वृद्धांवर काही वर्षे लक्ष ठेवले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार, एकाकीपणाच्या मापात वरच्या टोकाला असलेल्यांना अल्झायमरसारखा स्मृतिभ्रंश होण्याचा धोका खालच्या टोकाला असलेल्यांच्या दुपटीहून किंचित अधिक होता. कोणी म्हणेल, स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीमुळेच माणूस एकाकी होत असेल. त्यातले जे पुढे वारले, त्यांच्यापैकी काहींच्या मेंदूची तपासणी झाली. तेव्हा अल्झायमरच्या खुणा आणि एकाकीपणा यांचा मेळ बसला नाही. म्हणजे एकाकीपणा हे त्या आजाराचे नुसते पहिले पाऊल नव्हे. वेगळ्या वाटेने तो मेंदूची तग धरण्याची ताकद कमी करत असावा.

आपल्याकडे हा प्रश्न किरकोळ नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजाप्रमाणे साठीपुढच्या भारतीयांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त, आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या अभ्यासगटाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी, पण बदलता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. त्यांत माणसांपासून तुटणे हे एक आहे. आणि ऐकू कमी येणे हे दुसरे.

या दोहोंचे नाते आपण लक्षात घेत नाही. ऐकू कमी आले की माणूस आधी ‘काय? काय?’ म्हणून विचारतो. मग लाजून विचारणे सोडतो. मग हसण्यात हसणे मिसळतो. आणि शेवटी बैठकीतून उठून आतल्या खोलीत जाऊन बसतो. २०२३ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. सगळ्या सहभागींचा एकत्र विचार केला तर श्रवणयंत्राने फरक पडला नाही. पण ज्यांना मुळात धोका जास्त होता, त्यांच्यात तीन वर्षांत बुद्धीची घसरण जवळजवळ निम्म्याने मंदावली. चष्मा लागला की आपण त्याच आठवड्यात करतो. कानाचे यंत्र मात्र ‘बघू पुढे’ म्हणून वर्षानुवर्षे लांबते. आक्कालाही ऐकू कमी येत होते. ‘सगळे तुटक बोलतात’ यातला थोडा भाग कानाचा होता.

मेंदू एकाकीपणात नुसता झिजतो असेही नाही; तो आपल्या परीने धडपडतो. ब्रिटनमधल्या सुमारे चाळीस हजार मध्यमवयीन आणि वृद्ध माणसांच्या मेंदूची चित्रे तपासून नेथन स्प्रेंग आणि सहकाऱ्यांनी २०२० साली दाखवले की, आठवणी काढणे, मनोराज्ये रचणे, मनातल्या मनात कोणाशी बोलणे, या कामांसाठी लागणारे मेंदूतले जाळे एकाकी माणसांत अधिक घट्ट विणलेले असते. समोर माणूस नाही म्हणून मेंदू आतून माणसे आणतो. कादंबरीकाराला हे वाचून दचकायला होते, कारण आमचा धंदाच तो. पण कागदावरची माणसे कितीही जिवंत वाटली तरी ती आपल्याला उलटून अनपेक्षित प्रश्न विचारत नाहीत. खरे माणूस विचारते. बहुधा त्या अनपेक्षितातच मेंदूचा व्यायाम असतो.

आता थोडे बँकेबद्दल. मी नोकरीला लागलो तेव्हा पैसे काढायला आलेला माणूस पितळी टोकन घेऊन बाकावर बसत असे. पेन्शनच्या दिवशी शाखा उघडण्याच्या आधीच दारात म्हाताऱ्यांची रांग लागे. काम दहा मिनिटांचे. मंडळी दीड तास बसत. कोणाचा गुडघा, कोणाची नात, कोणाच्या शेतातली मोट बंद होऊन आलेले इंजिन, सगळे विषय त्या बाकावर निघत. एक निवृत्त मास्तर दर आठवड्याला पासबुक भरून घ्यायला येत. मधल्या काळात खात्यात एकही व्यवहार झालेला नसे. रोखपाल वही उघडून, पाहून, ‘मास्तर, शिल्लक जिथल्या तिथे आहे,’ असे सांगे, आणि मास्तर समाधानाने घरी जात. पुढे संगणक आले, एटीएम आले, मोबाइल आला. रांगा संपल्या. त्या संपायलाच हव्या होत्या. चार तास ताटकळण्यात काही थोरवी नव्हती. पण हिशेबाच्या सवयीने मला एक नोंद करावीशी वाटते. वाचलेला वेळ जमेच्या बाजूला लिहिला गेला. त्या बाकावर रोज जे चार शब्द मिळत, ते खर्चाच्या बाजूला कोणी मांडले नाहीत.

अशा ओझरत्या ओळखींनाही मोल असते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या गिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी कॉफीच्या दुकानात येणाऱ्यांचे दोन गट केले. एका गटाने झटपट कॉफी घेऊन निघायचे. दुसऱ्याने विक्रेत्याकडे बघून हसायचे, दोन शब्द बोलायचे. दुसऱ्या गटातली माणसे अधिक आनंदात बाहेर पडली, आणि आपण माणसांत आहोत ही जाणीवही त्यांच्यात जास्त होती. नेदरलँड्समधल्या ‘जुम्बो’ या किराणा दुकानांच्या साखळीने २०१९ मध्ये याच जाणिवेतून एक वेगळा काउंटर सुरू केला. त्याला आपण ‘गप्पांचा गल्ला’ म्हणू. घाई नसलेल्यांनी त्या रांगेत यावे, पैसे देता देता बोलावे, मागून कोणी खेकसणार नाही. कल्पना लोकांना आवडली आणि दोनशे दुकानांत ती नेण्याचे कंपनीने ठरवले. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात ही सोय पिढ्यान् पिढ्या फुकट होती. आता किराणा दहा मिनिटांत दारात येतो, आणि पिशवी देणाऱ्या मुलाला पाणी विचारेपर्यंत तो जिना उतरलेला असतो.

निवृत्तांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो डिजिटल झाला आणि २०२१ पासून मोबाइलपुढे चेहरा धरूनही देता येतो. अंथरुणाला खिळलेल्याची त्यामुळे मोठी सोय झाली. पण ज्याचे पाय चालतात त्यालाही आता कोणत्याही जिवंत माणसाला न भेटता आपण जिवंत असल्याचे सिद्ध करता येते, हे मात्र जरा नवलाचे वाटते.

हा केवळ म्हाताऱ्यांचा प्रश्न आहे असे समजून तरुण वाचकांनी पान उलटू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ सालच्या अहवालाप्रमाणे जगात दर सहा माणसांमागे एक एकाकी आहे, आणि तरुणांत हे प्रमाण कमी नाही, उलट अधिक आहे. हाती मोबाइल आहे, त्यात शेकडो नावे आहेत. आणि वसतिगृहाच्या खोलीत रात्री राखणदार जागा आहे. ब्रिटनने २०१८ साली आणि जपानने २०२१ साली एकाकीपणाचा विषय मंत्र्याकडे सोपवला, तो काही हौसेखातर नव्हे.

उपाय काय? शिकागोच्या मंडळींनी २०११ साली जगभरच्या उपायांचा एकत्र आढावा घेतला. नुसती माणसे एकत्र जमवणे, मेळावे भरवणे याचा उपयोग बेताचा दिसला. सर्वांत अधिक गुण आला तो एकाकी माणसाची इतरांकडे बघण्याची धास्तावलेली नजर हळूहळू बदलण्याच्या प्रयत्नांना. थोडक्यात, आधी राखणदाराची समजूत घालायची. ती उपदेशाने पटत नाही. ती पटते त्याच त्या माणसाने, त्याच त्या वेळी, थोडा थोडा वेळ पुन्हापुन्हा येण्याने. दिवाळीला चार दिवस राहून जाणाऱ्यापेक्षा दर मंगळवारी पाच वाजता दहा मिनिटे येणारा उपयोगी पडतो. ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळ, बागेतला कट्टा यांची खरी ताकद कार्यक्रमांत नाही. ‘काल दिसला नाहीत?’ असे कोणीतरी विचारणार, यात आहे.

दुसरी गोष्ट आक्काने शिकवली. ‘चल भजनाला, तुला बरं वाटेल’ या आमंत्रणाला ती कधी बधली नाही. मग एकदा मंडळाच्या बायका वर्गणीचा हिशेब घेऊन आल्या. तो जुळत नव्हता. बँकवाल्याच्या बहिणीने तो जुळवावा अशी त्यांची समजूत! तिने तो जुळवला. तेव्हापासून वही तिच्याकडे आहे. वहीमुळे बायका येतात, वहीमुळे तिला जावे लागते. पुण्याच्या मुलाने कानाचे यंत्र आणून दिले. चार महिने कपाटात होते, आता हिशेबाच्या दिवशी ती लावते. सगळे ठीक झाले असे मी म्हणणार नाही. अजूनही कधी कधी ती फोनवर म्हणते, ‘मला काय, कुणी आलं काय आणि न आलं काय.’ पण आता त्यापुढे एक वाक्य असते, ‘शुक्रवारी मात्र जायला हवं.’

एकाकी माणसाला आपण नेहमी काहीतरी द्यायला जातो. फळे, औषधे, सल्ला. घेणारा हात सतत खाली राहिला की राखणदार आणखीच सावध होतो. मागायला गेलो तर त्याला दार उघडावे लागते. आज रविवार आहे. ओळखीत असे एखादे घर असेलच. फोन करा, पण ‘कसे आहात?’ असे विचारू नका. त्याचे उत्तर ‘बरा आहे’ एवढेच येते. काहीतरी मागा. लिंबाच्या लोणच्यात मिठाचे प्रमाण किती घालायचे ते विचारा, मुलीला व्याजाची गणिते सोडवून द्याल का म्हणा, जुन्या घराच्या उताऱ्यावरचे मोडी अक्षर वाचून मागा. आणि पुढच्या रविवारी, लोणचे मुरले की नाही ते सांगायला, पुन्हा फोन करा.